खांद्यावरची हिरवी फीत

मास्तरांना खोटं बोलता येत नसे, आणि दुसऱ्याचं खरं पटकन पटत नसे. या दोन गुणांवर त्यांनी अख्खा संसार रेटला, असं लोक म्हणत. रेटला त्यांनी, पण चालवला मी, असं त्यांची बायको म्हणे. जन्म शिंपीकामात गेला म्हणून सगळे त्यांना मास्तर म्हणत. आता ते पुढच्या खोलीत मशीन टाकून शाळेचे गणवेश शिवायचे, पण डोक्यावर काळे केस होते तोवर त्यांचं दुकान लष्करी छावणीच्या फाटकासमोर होतं, आणि शिवायचे ते अधिकाऱ्यांचे गणवेश. माणूस दारात आला की मास्तर आधी त्याचे खांदे बघत, तोंड मग. तोंड फसवतं, खांदा फसवत नाही, असं त्यांचं म्हणणं. खांद्यावर काय लावायचं आणि काय नाही याचे नियम त्यांना झोपेतून उठवून विचारले तरी सांगता आले असते.

त्या नियमांतलीच एक हिरवी फीत. लष्करात दोन तऱ्हेचे अधिकारी असायचे. एक पक्के, म्हणजे त्यांची नोकरीच ती. दुसरे राखीव, म्हणजे एरवी बँकेत, शाळेत, कारखान्यात आपापलं काम करणारे, सुट्ट्यांमध्ये कवायत शिकलेले, आणि अडीनडीला हाक आली की गणवेश चढवून हजर होणारे. राखीव माणसाच्या खांदापट्टीच्या कडेला बारीक हिरवी फीत शिवायची, अशी त्या काळी पद्धत होती. पक्के लोक त्यांना ‘शेवाळवाले’ म्हणत. शेवाळवाल्यांनी जेवायला टोकाच्या टेबलावर बसायचं, पाठ वळली की हसू ऐकायचं, आणि छावणीचा दवाखाना, घरं, सवलती यांच्याकडे लांबून बघायचं. चिखल तोच, पहारा तोच, लागलं तर रक्तही त्याच रंगाचं. पण फीत हिरवी, त्याला काय करणार.

असाच एक राखीव लेफ्टनंट मास्तरांच्या दुकानात यायचा. एरवी पोस्टात काम करायचा, गोड स्वभावाचा, शिलाई आवडली की दोनदा सांगणारा. त्याची बायको फार आजारी पडली तेव्हा त्याने घरी बसून आपल्या फिती उसवल्या आणि तिला गाडीत घालून छावणीच्या दवाखान्याकडे निघाला. फाटकावरच्या पहारेकऱ्याने खाडकन टाच आपटून सलाम केला. मग त्याची नजर खांद्यावर गेली. फीत काढली की खाली न विटलेला रंग उरतो आणि सुईची भोकं उरतात. पहारेकऱ्याने भर रस्त्यात त्या माणसाचा खांदा धरला आणि त्याला बाजूला घेतलं. बायको गाडीतून बघत होती, आणि समोर दुकानात मास्तर हातातली सुई तशीच धरून बघत होते. गाडी आली तशी परत गेली. तो लेफ्टनंट पुन्हा कधी दुकानात दिसला नाही.

त्या दिवशी मास्तरांनी मनाशी गाठ मारली की आपल्या हक्काचं नाही ते अंगावर चढवायचं नाही, आणि आहे ते झाकायचं नाही.

आता अशा माणसाची एकुलती एक मुलगी राखीव अधिकारी व्हावी, याला काय म्हणायचं ते तुम्हीच ठरवा. घरात तिला चिऊ म्हणत. लष्कराच्या कागदांत ती कॅप्टन होती आणि गल्लीत ‘नळवाली’, कारण एरवी ती शहराच्या पाणीपुरवठा खात्यात इंजिनियर होती आणि रस्त्याला यंत्र लावून जमिनीखालच्या गळत्या ऐकत फिरायची. यंदा नदीला असा पूर आला की जुना पूल मधोमध मोडून वाहून गेला. पलीकडची वस्ती तुटली, आणि चिऊला हाक आली की हजर व्हा, तरंगता पूल बांधायचाय. खात्याचे साहेब थोडे कुरकुरले, मग कोणीतरी त्यांना कायदा दाखवला आणि ते गप्प झाले. हुकमावर गेलेल्या माणसाची जागा तो परत येईपर्यंत दुसऱ्याला देता येत नाही. शेजारच्या टेबलावरच्या बाईंनी तर चिऊच्या खुर्चीवर एक कुंडीच आणून ठेवली, आणि म्हणाल्या, “बघते कोण बसतो ते.”

चिऊचा गणवेश मास्तरांनी पेटीतून काढला, कमरेत थोडा सैल केला, इस्त्री केली. मग त्यांनी जुन्या डब्यातून हिरव्या फितीचा तुकडा शोधून काढला. इतकी वर्षं जपून ठेवला होता. सुई टोचू नये म्हणून बोटावर अंगुस्तान चढवून ते खिडकीपाशी बसले.

“बाबा, ही फीत आता नसते,” चिऊ म्हणाली.

“नसते म्हणजे? राखीव आहेस ना तू?”

“आहे. पण कायदा बदलला त्याला किती काळ झाला. हुकमावर असेपर्यंत राखीव आणि पक्का असा फरकच राहिला नाही. हुद्दा तोच, पगार तोच, दवाखाना तोच. घरच्यांनासुद्धा.”

“कागदावर सगळंच असतं गं.” मास्तरांनी दातांनी दोरा तोडला. “फाटकात काय होतं ते मी बघितलंय.”

मास्तरांचा उजवा डोळा लहानपणीच गेलेला, सगळा रोजगार डाव्यावर चालायचा. तो डावा डोळा कापडाला टेकवून ते टाका टाका मोजल्यासारखी फीत बसवत होते, आणि त्यांच्या तोंडावर इतकं समाधान होतं की तिला ते मोडवेना. तिने गणवेश घातला, आईबाबांच्या पाया पडली आणि फितीसकट निघून गेली.

पूल बांधायचं काम सुरू झालं, आणि इकडे मास्तरांच्या डोळ्यात अंधार चढायला लागला. आधी ठिणग्या दिसल्या. मग खालच्या बाजूने काळी सावली वर सरकायला लागली, भांड्यात पाणी चढावं तशी. मशीनवरचं कापड दिसे, पण मांडीवरचा हात दिसेना. शहरातल्या डॉक्टरांनी तपासलं आणि खरं काय ते सांगितलं. डोळ्याचा आतला पडदा सुटत चाललाय. तो पुरता सुटला की दिवा विझला समजा, मग कोणी काही करू शकत नाही. हे काम करणारे हात आणि यंत्र आसपास एकाच ठिकाणी आहेत, नदीपलीकडच्या लष्करी रुग्णालयात. दुसरीकडे न्यायला वाटा धड नाहीत आणि वेळ तर मुळीच नाही.

चिऊने त्याच संध्याकाळी फोन केला. “बाबा, उद्या मी गाडी घेऊन येते. पूल झालाय. तुम्ही माझ्यावर अवलंबून आहात, तुमचा हक्क आहे तिथे.”

“माझा कसला हक्क? पक्क्यांच्या आईबापांचा असतो.”

“माझ्याही आईबापांचा आहे. मी हुकमावर आहे तोवर.”

“आणि फाटकात कोणी तुझा खांदा धरला तर?” मास्तरांचा आवाज चिरकला. “माझ्या डोळ्यापायी? ते बघण्यापेक्षा न दिसलेलं बरं.”

हे मात्र बायकोला ऐकवेना. तिने फोन हिसकून घेतला नाही इतकंच. “म्हणतात ना, आंधळा मागतो एक डोळा, देव देतो दोन,” ती भांडी आपटत म्हणाली. “माझा नवरा तसला नाही. देव डोळा घेऊन दारात आला तर हे आधी विचारणार, तुमचा हुद्दा काय, आणि फीत कुठाय.”

शेवटी चिऊनेच तोडगा काढला. बापाला ती पुरती ओळखून होती. “फाटकापर्यंत या,” ती म्हणाली. “मी तोंड उघडणार नाही. तुम्हीच सांगा पहारेकऱ्याला की ही राखीव आहे. त्याने अडवलं तर तिथूनच गाडी वळवते, आणि जन्मात हा विषय काढणार नाही.”

यात लपवाछपवी काही नव्हती. मास्तरांना नाही म्हणायला जागा उरली नाही.

दुसऱ्या दिवशी गाडी नदीवर आली तेव्हा मास्तरांना वरच्या अर्ध्या डोळ्यातून फक्त उजेड दिसत होता, आणि त्या उजेडात एक लांब काळी रेघ. बायको शेजारी होती. आयुष्यभर बडबड करणारी ती बाई एकदम गप्प झाली, तेव्हा मास्तर घाबरले.

“काय झालं गं? बोल की.”

“काय बोलू,” ती म्हणाली. “अहो, एवढी मोठी नदी आहे. कडेला घरांची छपरं अजून पाण्यात आहेत. आणि या कडेपासून त्या कडेपर्यंत रस्ताच टाकलाय हो पाण्यावर. खाली लोखंडी पिपांसारखं काहीतरी आहे, एकापुढे एक, सगळी हलतायत. वरून ट्रक चाललेत, माणसं चाललीत. एक बाई म्हैस घेऊन चालली आहे.”

“हलतंय म्हणजे सैल आहे का?”

“बाबा, हललंच पाहिजे ते,” चिऊ पुढच्या सीटवरून म्हणाली. “नदीशी हट्ट केला तर मोडतं.”

गाडी पुलावर चढली. चाकांखालून फळ्या एका लयीत वाजायला लागल्या. मास्तरांनी खिडकीची काच खाली केली आणि कान लावला. शिवणयंत्राचा पाय दाबल्यावर येतो तसा तो आवाज होता, एक टाका चुकत नव्हता. खाली सगळी नदी घुसळत चालली होती, तिचा गार वास नाकात येत होता, आणि वरून त्यांच्या चिऊने हा टाका घातला होता. या कडेचं कापड त्या कडेला जोडलं होतं. ज्या पोरीला बुटांच्या नाड्या बांधता येत नव्हत्या म्हणून आपण शाळेच्या दारात वाकायचो, ती ही. मास्तरांच्या अंगावर काटा आला.

मध्यावर कोणी माणसं काम करत होती. गाडी हळू झाली, पाय जुळल्याचे आवाज आले, कोणीतरी म्हणालं, “मॅडम, डाव्या बाजूचे दोर पुन्हा आवळलेत.” चिऊ म्हणाली, “बघते परत येताना. जेवलात का सगळे?” घरी ती आईला विचारायची त्याच आवाजात.

मग फाटक आलं. मास्तरांना ते न बघता कळलं. गाडी थांबली आणि बुटांची पावलं जवळ आली. बायकोने त्यांचा हात धरला. मास्तरांनी तो सोडवला, दार उघडलं, चाचपडत खाली उतरले आणि आवाजाच्या दिशेला तोंड करून उभे राहिले.

“साहेब,” ते म्हणाले, “आधीच सांगतो, मागाहून बोल नको. ही माझी मुलगी कॅप्टन आहे, पण राखीव आहे. पक्की नाही. मी तिचा बाप, डोळ्यासाठी आलोय. चालत नसेल तर तसं सांगा, आम्ही मुकाट्याने जातो. बघा, खांद्यावर फीत आहे.”

पहारेकरी मोठ्या वयाचा हवालदार होता, आवाजावरून तरी तसं वाटलं. तो जवळ आला.

“हो, ही हिरवी फीत बघतो मी रोज,” हवालदार म्हणाला. “आमच्यात एकदा पैजही लागली होती यावरून. मॅडमना विचारलं तर म्हणाल्या, घरची आहे. पण बाबा, ही असते तरी कसली?”

मास्तरांना वाटलं, थट्टा चालली आहे. “कसली म्हणजे? राखीव अधिकाऱ्यांची. शेवाळवाले.”

“शेवाळवाले?” हवालदाराने हा शब्द नव्याने ऐकला होता, ते लपत नव्हतं. “इथे कोण राखीव आणि कोण पक्का, आम्हाला कसं कळणार? हुकमावर आहे तो साहेब. आम्हाला सलाम एकच शिकवलाय.”

आणि त्याने टाच आपटली. मास्तरांनी उभा जन्म हा आवाज दुकानात बसून ऐकला होता. पक्क्यांना कसला सलाम होतो आणि शेवाळवाल्यांना कसला, हे त्यांना डोळे मिटून सांगता येई; दुसऱ्यात टाच जमिनीला टेकायची, वाजायची नाही. ही टाच वाजली. भिंतीवरून आवाज परत आला, इतकी वाजली.

“आत जा, बाबा,” हवालदार म्हणाला. “डोळ्याचा विभाग उजव्या हाताला. पायरी आहे, सांभाळून.”

मास्तर तिथेच उभे राहिले. ज्या खुणेला ते इतकी वर्षं भीत होते, ती खूण वाचता येणारा माणूसच फाटकात उरला नव्हता. ती वाचता येणारे सगळ्या फाटकात तेवढे एकटेच होते. चिऊने येऊन त्यांचा दंड धरला, तेव्हा कुठे त्यांचे पाय उचलले.

“तुला कोणी काही म्हटलं नाही या फितीवरून?” त्यांनी चालता चालता हळूच विचारलं.

“म्हटलं की. मोठ्या साहेबांनी पहिल्याच दिवशी म्हटलं, गणवेशात हे बसत नाही, काढा. मी म्हटलं, ज्यांनी लावली तेच काढतील, थोडी मुदत द्या. पूल होईपर्यंत दिली.”

“पूल तर झाला.”

“म्हणून तर रोज बोलणी खाते,” चिऊ म्हणाली.

पोरीचा खांदा धरलाच होता कोणीतरी, आणि तो त्यांनी घातलेल्या टाक्यांपायी.

डोळ्यांचे डॉक्टर मेजर होते. माणूस उंच असावा, आवाज वरून यायचा. त्यांनी डोळ्यात उजेड मारून बराच वेळ बघितलं, आणि म्हणाले की मधला भाग अजून धरून आहे, पण आजच करू, उद्यावर टाकायला नको. भूल कशी देणार, डोळ्यात हवेसारखा वायू कसा सोडणार, नंतर मान खाली घालून पडून राहावं लागेल, सगळं नीट समजावलं. मास्तरांनी ऐकून घेतलं. पण मनातली शंका काही बसेना. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही, तो हा.

“डॉक्टरसाहेब, राग मानू नका,” ते म्हणाले. “तुम्ही तरी पक्के ना?”

“अहो, काहीतरीच काय,” बायको पुटपुटली.

डॉक्टर रागावले नाहीत. “चिऊ मॅडम सांगत होत्या तुमच्याबद्दल,” ते म्हणाले, आणि चिऊ मॅडम हे ऐकून मास्तर जरा दचकले. “हात द्या इकडे. तुम्हीच सांगा.” त्यांनी खाली वाकून मास्तरांचा हात आपल्या खांद्यावर ठेवला.

मास्तरांची बोटं आपोआप कामाला लागली. खांदापट्टीची कड, हुद्द्याची खूण, बटणाचं काज, कापडाची वीण. कडेवरून त्यांनी नख दोनदा फिरवलं. फीत नव्हती. निघालेल्या फितीची भोकंही नव्हती. शिलाई चांगली होती, काज मात्र थोडं सैल.

“पक्के,” मास्तर म्हणाले आणि सुटकेचा श्वास सोडला.

“माझा दवाखाना पलीकडच्या बाजारात आहे, मास्तर,” डॉक्टर म्हणाले. “चष्म्याच्या दुकानावर, वरच्या मजल्यावर. पूर आला, हाक आली, पाटी लावून आलो, डॉक्टर परत येतील म्हणून. मीही तुमच्या मुलीसारखाच.”

मास्तरांची बोटं अजून त्या खांद्यावर होती, आणि ती पुन्हा एकदा कडेवरून फिरली. नाहीच. कितीतरी खांदे त्यांनी या बोटांनी ओळखले होते, आणि आज बोटांना सांगण्यासारखं काही सापडत नव्हतं. कुठल्यातरी खोलीत, कोणीतरी बसून एक वाक्य लिहिलं असेल, की बोलावलेला माणूस आणि पक्का माणूस एकच. त्या एका वाक्याने देशभरातल्या खांद्यांवरची फीत उसवली गेली होती, आणि एक दोरा तुटल्याचा आवाज झाला नव्हता. नुसती उसवली नाही, भोकंसुद्धा ठेवली नव्हती. मास्तरांनी हयातीत पुष्कळ सफाईचं काम बघितलं होतं. इतकं सफाईचं कोणाच्या हातून झालेलं त्यांना माहीत नव्हतं. त्यांना एकदम फार लहान वाटलं, आणि त्यात वाईट काही वाटलं नाही.

“चिऊ,” ते म्हणाले, “इकडे ये. बस खाली.”

“बाबा, आता आत न्यायचंय तुम्हाला.”

“बस म्हणतो ना. बारीक कात्री मिळेल का इथे कोणाकडे?”

परिचारिकेने डॉक्टरांकडे बघितलं असावं, कारण डॉक्टर म्हणाले, “द्या त्यांना. आधी त्यांचं काम होऊ दे, मग माझं.”

चिऊ त्यांच्यापुढे जमिनीवर बसली, लहानपणी वेणी घालून घ्यायला आईपुढे बसायची तशी. मास्तरांना तिचा खांदा दिसत नव्हता, दिसायची गरजही नव्हती. आपला टाका आपल्याला सापडतो. तो त्यांनी जन्मभर टिकेल असा घातला होता, दुहेरी दोऱ्याने, गाठीवर गाठ, आणि आता तेच निस्तरायची वेळ आली होती. एक एक टाका नखाने उचलून त्यांनी कापला. कात्री एकदाही कापडाला लागली नाही. दोन्ही खांदे झाले. फितीचे दोन तुकडे त्यांनी मुठीत घट्ट धरले, आणि ती मूठ भूल चढेपर्यंत सुटली नाही.

नंतरचे दिवस मास्तरांनी पालथं पडून काढले. डोळ्यात सोडलेल्या वायूच्या फुग्याने पडदा दाबून धरायचा, तर मान खालीच हवी. बायको म्हणाली, “यात काय अवघड आहे तुम्हाला? जन्मभर मशीनवर मान खाली घालूनच बसलात. मी समोरून किती वेळा गेले, कधी वर बघितलंत?” शेजारच्या खाटेवरचे गृहस्थ खो खो हसले. हे गृहस्थ एका पक्क्या अधिकाऱ्याचे वडील होते. घरदार, मुलं, दुखणी यांवर दोघांचं बोलून झालं. तुमची मुलगी पक्की का, असं त्यांनी एकदाही विचारलं नाही. मास्तर त्या प्रश्नाची रोज वाट बघत होते, मग वाट बघायची विसरून गेले.

डॉक्टरांनी पट्टी सोडली ती सकाळची वेळ होती. मास्तरांना आधी पांढरं दिसलं, सगळं पांढरं, हलणारं. काळी सावली कुठे दिसेना. त्यांनी खाली बघितलं, वर बघितलं, चारी कोपरे शोधले.

“पडदा बसलाय जागेवर,” डॉक्टर म्हणाले. आवाज थकलेला होता, पण आनंद त्यात लपत नव्हता. “लांबचं इतक्यात दिसणार नाही. फुगा विरेल तसं उलगडेल. पण अगदी डोळ्यालगत काही धरलंत तर आजही दिसेल. बघा धरून.”

“काय देऊ?” बायकोने विचारलं. “पेपर देऊ?”

“चिऊ आली आहे का?”

“इथेच आहे, बाबा. पुलावरून थेट आले.”

“खांदा दे तुझा.”

चिऊ खाटेशी वाकली. मास्तरांनी तिचा खांदा दोन्ही हातांनी धरला आणि डोळ्याला जवळजवळ टेकवला. फुग्याच्या कडेने कापड वर आलं. आधी नुसता रंग. मग वीण दिसायला लागली, उभा धागा, आडवा धागा, त्यांत अडकलेला नदीचा वाळूचा कण. अगदी लख्ख. मास्तरांना वाटलं, आपण कापड कधी बघितलंच नव्हतं इतके दिवस. आणि मग खांदापट्टीच्या कडेला, एका रेषेत, त्यांना ती दिसली. सुईची भोकं. आपल्याच सुईची. रंग मात्र सारखाच होता; फीत तेवढी जुनी झाली नव्हती.

त्यांना तो पोस्टातला लेफ्टनंट आठवला. गाडीतून बघणारी त्याची बायको आठवली. तीही अशीच भोकं होती.

“या भोकांवरून कोणी विचारलं का?” त्यांनी विचारलं.

“हवालदारांनी विचारलं. घरची फीत कुठे गेली म्हणाले. त्यांची पैज अजून मिटली नाही, तुमचं उत्तर कोणालाच पटत नाही म्हणे.”

मास्तर हसले, आणि हसता हसता रडायला लागले. डॉक्टर म्हणाले, “मास्तर, रडायचं नाही हं, डोळ्यातली जखम ओली आहे अजून.” मास्तर म्हणाले, “मी कुठे रडतोय, तुमचा फुगा गळत असेल.” मग त्यांनी बोट ओलं करायला पाणी मागितलं. बायकोने पेल्यात त्यांचं बोट बुडवलं. ओलं बोट त्यांनी खांद्याच्या कडेवर फिरवलं, आणि डोळा कापडाला लावून नखाने खरवडायला सुरुवात केली, आधी उभं, मग आडवं. धागे सरकतात आणि भोक बुजतं. शिंपीकाम शिकताना हे सगळ्यात शेवटी शिकवतात, कारण यानेच खोटं लपवता येतं.

“हे मला तेव्हाही येत होतं,” ते कापडाशीच बोलल्यासारखे बोलले. “एक माणूस होता. त्याने माझ्याकडे मागितलं असतं तरी मी केलं नसतं. तेव्हा नियम तसा होता. आज नियम असा आहे.” एक भोक बुजलं, ते पुढच्यावर गेले. “त्याची बायको वाचली असेल का गं?”

चिऊ वाकून तशीच उभी राहिली, पाठ भरून आली तरी हलली नाही. एक खांदा झाला, दुसरा झाला. बायकोने लांबून बघितलं आणि म्हणाली, “काही दिसत नाही हो. फीत होती असं सांगूनही पटणार नाही.” तिने कधी त्यांच्या कामाला सहज चांगलं म्हटलेलं नव्हतं.

चिऊला परत पुलावर जायचं होतं, पाणी पुन्हा थोडं चढत होतं. ती गेली, आणि मास्तरांना परत पालथं झोपवलं. खिडकी फाटकाच्या बाजूला होती. जिन्यावरून तिचे बूट उतरले, अंगणातल्या खडीवरून गेले. मास्तरांनी मान खाली घातली होती आणि श्वास धरला होता.

फाटकात टाच वाजली, पहिल्या दिवशी वाजली होती तशीच.

“ऐकलंस?” मास्तर उशीत तोंड खुपसून म्हणाले.

“ऐकलं,” बायको म्हणाली. “आता झोपा. हलू नका.”